ब्राउझरचा ठसा झाकायचा उद्योग : प्रकल्प नोंदी

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

हेतू आधीच लिहून ठेवते, नाहीतर मी नेहमीप्रमाणे भरकटते. मशिनं दोन आहेत. एक माझा लॅपटॉप, उबुंटू लिनक्स टाकलेला, १३६६ बाय ७६८ चा जुना स्क्रीन. दुसरा सांगलीला मामाच्या प्रेसमधला विंडोज १० चा डेस्कटॉप, त्यावर दिवसभर लग्नपत्रिका, हँडबिलं, वास्तुशांतीची निमंत्रणं चालू असतात. कुकीज आणि जाहिराती दोन्हीकडे आधीच आटोक्यात आहेत, युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन आहे. आता बघायचंय ते फिंगरप्रिंटिंग, म्हणजे तुमच्याकडे काहीच न ठेवता तुम्हाला ओळखणं.

साइट ब्राउझरला गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारते. स्क्रीन केवढा, टाइमझोन कुठला, भाषा कुठल्या आणि कुठल्या क्रमानं, फॉन्ट कोणते, ग्राफिक कार्ड कोणतं, कॅनव्हासवर (म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या जागेत) एक वाक्य काढ बघू. या सगळ्या उत्तरांचा मिळून होतो तो ठसा. एकेक उत्तर फालतू असतं पण सगळी एकत्र धरली की बऱ्याचदा तुमच्यासारखं दुसरं कोणीच उरत नाही. कुकी निदान डिलीट तरी करता येते, इथे डिलीट काय करणार.

विषय नवा नाही. २०१० साली इएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या पीटर एकर्सलीनं ४,७०,१६१ ब्राउझरचे ठसे तपासले होते, त्यात ८३.६ टक्के एकमेव निघाले, आणि फ्लॅश किंवा जावा असलेल्यांत तर ९४.२ टक्के. नंतर २०१८ मध्ये एका मोठ्या फ्रेंच साइटच्या २०,६७,९४२ ठशांवर अभ्यास झाला तिथे हा आकडा ३३.६ टक्क्यांवर आला. फरक मोठा आहे आणि त्याचं एक कारण साधं आहे, टेस्ट साइटवर येणारी माणसं माझ्यासारखी सेटिंग्जमध्ये बोटं घालणारी असतात, बातम्या वाचायला येणारा माणूस तसा नसतो. हे लक्षात ठेवायचं, पुढे उपयोगी पडणार आहे.

आत्ताच का? कारण गुगलनं १६ फेब्रुवारी २०२५ पासून जाहिरातदारांसाठीचे नियम ढिले केले, फिंगरप्रिंटिंगला आधी मनाई होती ती गेली. त्याआधीच्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या आयसीओनं (माहिती संरक्षणावर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) याला बेजबाबदार म्हटलं होतं. तेव्हापासून हे काम यादीत पडून होतं, आता दिवाळी उरकली, वेळ आहे.

आजची सुरुवातीची स्थिती: इएफएफच्या कव्हर युवर ट्रॅक्स या ठसा तपासायच्या साइटवर (पूर्वीचं पॅनॉप्टिक्लिक) माझा नेहमीचा फायरफॉक्स गेल्या ४५ दिवसांत आलेल्या सगळ्यांत एकमेव.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्याच्या टेस्टवर विसंबण्यापेक्षा एक छोटं एचटीएमएल पान स्वतः लिहिलं, जे ब्राउझर काय काय सांगतो ते नुसतं छापून दाखवतं. यात पहिली मजा टाइमझोनमध्ये सापडली. क्रोम सांगतो 'एशिया/कलकत्ता' आणि फायरफॉक्स सांगतो 'एशिया/कोलकाता'. झोन एकच, वेळ एकच, पण नावावरून आत कुठलं इंजिन आहे ते कळलं! म्हणजे कोणी क्रोमच्या नावाचं सोंग घेऊन फायरफॉक्स वापरत असेल तर एवढ्यावरच पकडला जाईल.

दुसरी गोष्ट भाषा. मी ब्राउझरमध्ये मराठी पहिली, मग इंग्रजी असं लावलेलं आहे कारण मला मराठी पानं आधी हवी असतात. हा क्रम प्रत्येक रिक्वेस्टबरोबर हेडरमध्ये, म्हणजे ब्राउझर साइटला आधीच पाठवतो त्या माहितीत, जातो, जावास्क्रिप्ट चालू असो नसो. भारतात फोन-कॉम्प्युटर वापरणारे बहुतेक जण सगळं इंग्रजीतच ठेवतात, मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर असूनही ब्राउझरला मराठी सांगणारा विरळा. त्यात लिनक्स, त्यात १३६६ चा स्क्रीन. झालं की मग.

हे जरा लागलं मला. आपली भाषा वापरायची तर उठून दिसायचं, आणि गर्दीत मिसळायचं तर अमेरिकन इंग्रजीचा सदरा घालायचा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फायरफॉक्सची नवीन प्रोफाइल केली (अबाउट:प्रोफाइल्स मधून, जुन्या प्रोफाइलला हात लावला नाही) आणि अबाउट:कॉन्फिग या आतल्या सेटिंग्जच्या पानावर 'प्रायव्हसी.रेझिस्टफिंगरप्रिंटिंग' ट्रू केलं. लोक याला आरएफपी म्हणतात, मीही तेच लिहीन. हे मूळचं टॉर ब्राउझरमधलं (ओळख लपवून नेट वापरायचा ब्राउझर) काम, २०१६ पासून टॉर अपलिफ्ट नावानं हळूहळू फायरफॉक्समध्ये आणलं गेलं. तत्त्व असं की तुम्हाला लपवायचं नाही, सगळ्यांना एकसारखं दाखवायचं.

चालू केल्यावर लगेच काय काय झालं ते:

टाइमझोन आइसलंडचा झाला, 'अटलांटिक/रेक्याविक'. तिथे वर्षभर यूटीसीच (जगाची प्रमाण वेळ) असतं, उन्हाळी वेळेचा घोळ नाही म्हणून तो निवडलाय. पण आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे वेबमेलवर दुपारी दोनला आलेली मेल सकाळी साडेआठची दिसते. मिटिंग बुक करायच्या साइटवर तर सकाळचे स्लॉट पहाटेचे वाटत होते.

डार्क थीम गेली. साइटनं विचारलं की ब्राउझर सांगतो मला उजेडच आवडतो. रात्री अकराला हे कळतं तेव्हा डोळ्यांना चांगलंच कळतं.

कॅनव्हास वाचायला कोणी आलं की आत खोटा डेटा जातो आणि ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला एक बारकं चित्र उमटतं, त्यावर क्लिक केलं तर परवानगी देता येते. हे उपयोगी आहे. एका साध्या पाककृतीच्या साइटवर ते चित्र उमटलं, साबुदाणा वड्याला माझा कॅनव्हास कशाला लागतो ते देव जाणे. याची तपासणी करणारं काम २०१४ मध्ये झालं होतं, पहिल्या एक लाख साइटपैकी पाच टक्क्यांहून जास्त साइटवर कॅनव्हासचा ठसा घेणारा कोड सापडला होता आणि त्यातला बहुतेक सगळा ॲडथिस या एकाच शेअर-बटणवाल्यांचा. म्हणजे साइटच्या मालकाला पत्ताही नसेल की आपण लावलेलं बटण मागे काय करतंय.

पहिलं पान उघडताच फायरफॉक्सनं विचारलं की साइटकडे इंग्रजी पानं मागू का, त्यानं प्रायव्हसी वाढेल. हो म्हटलं. मग हेडरमध्ये फक्त अमेरिकन इंग्रजी. मराठी विकिपीडियावर थेट गेलं तर काहीच फरक नाही, पान मराठीच येतं. फरक पडतो तो भाषा बघून पान बदलणाऱ्या साइटवर, आणि खरं सांगायचं तर मराठीसाठी तसं करणाऱ्या साइट आहेत किती! त्यामुळे कालपरवाचा माझा राग थोडा उतरला.

झूम: प्रत्येक साइटसाठी वेगळा झूम लक्षात ठेवायचं ब्राउझर बंद करतो. मला चालेल, मामाला चालणार नाही.

इनस्क्रिप्टनं मराठी टायपिंग करून बघितलं, ठीक चाललं, कारण ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मोह टाळायचा दिवस. ॲडऑनच्या दुकानात युजर एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) बदलणारी, कॅनव्हासमध्ये गडबड करणारी, फॉन्ट लपवणारी डझनभर एक्स्टेन्शन आहेत. मुद्दाम वेगळ्या प्रोफाइलमध्ये एक युजर एजंट बदलणारं टाकून बघितलं, विंडोजवरचा क्रोम असं सोंग घेतलं. माझ्या पानानं युजर एजंटमध्ये विंडोज छापलं आणि खाली प्लॅटफॉर्ममध्ये लिनक्स, शिवाय क्रोममध्ये असतात त्यातल्या कितीतरी गोष्टी जागेवर नाहीत, आणि टाइमझोन कोलकाता. क्रीपजेएस नावाची टेस्ट आहे ती नेमकं हेच शोधते, कोण कुठे खोटं बोलतोय, आणि खोटं बोलणं हाच ठसा धरते. लग्नात सगळे फेटे बांधून आलेले असताना आपण हेल्मेट घालून जावं तसं आहे हे, चेहरा दिसत नाही खरा पण हेल्मेटवाला कोण हे जेवणावळीपर्यंत सगळ्या मांडवाला ठाऊक.

म्हणून नियम ठरवला: आरएफपी आणि युब्लॉक, बाकी एकही एक्स्टेन्शन नाही. आरएफपी स्वतःसुद्धा ऑपरेटिंग सिस्टिम लपवायचा हट्ट धरत नाही, कारण फॉन्टवरून आणि इतर दहा वाटांनी ती कळतेच, मग उगाच विसंगती कशाला.

पण मग एक अडचण राहते. साध्या फायरफॉक्सवर आरएफपी चालू करणारे लोक तरी किती? आइसलंडचा टाइमझोन सांगणारा पण पुण्याच्या आयपीवरून येणारा फायरफॉक्स म्हणजे मीच. साधा स्क्रिप्ट फसतो, जरा हुशार स्क्रिप्ट म्हणेल ही आरएफपीवाली दिसते. अर्केनफॉक्सवाल्यांनी, जे वर्षानुवर्षं फायरफॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंग्जची तयार यूजर.जेएस फाइल सांभाळतात, त्यांनी १२८ व्या आवृत्तीपासून आरएफपी डिफॉल्टमधून काढून ऐच्छिक केलं, ते मला आता पटायला लागलंय. गर्दी हवी असेल तर गर्दी जिथे आहे तिथे जायला पाहिजे, स्वतःच्या घरात बसून गर्दी करता येत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

मधला मार्ग बघितला. फायरफॉक्समध्ये आरएफपीपेक्षा सौम्य एफपीपी (फिंगरप्रिंटिंग प्रोटेक्शन) आहे, प्रायव्हेट विंडोमध्ये आणि ट्रॅकिंग प्रोटेक्शन 'स्ट्रिक्ट' केलं की आपोआप चालू. या महिन्यात १४५ आवृत्ती आली त्यात ते आणखी वाढवलंय, कॅनव्हासमध्ये किंचित गोंधळ मिसळतो, मशिनवर वेगळे घातलेले फॉन्ट पानासाठी वापरत नाही, स्क्रीनची उपलब्ध उंची म्हणून खऱ्या उंचीतून ४८ पिक्सेल वजा करून सांगतो. टाइमझोनला मात्र हात लावत नाही, डार्क थीम राहते, म्हणजे रोजच्या वापरात काही मोडत नाही. शिवाय हे लाखो लोकांकडे एकसारखं चालू असणार, त्यांना माहीतही नसताना. हेच महत्त्वाचं.

ज्याला जास्त हवंय त्यानं ओव्हरराइड्सचं सेटिंग बघावं, 'प्रायव्हसी.फिंगरप्रिंटिंगप्रोटेक्शन.ओव्हरराइड्स'. त्यात अधिक चिन्ह लावून 'ऑलटार्गेट्स' लिहायचं, मग स्वल्पविराम देऊन वजा चिन्हानं जे नको ते काढायचं, उदाहरणार्थ 'जेएसडेटटाइमयूटीसी' वजा केलं की घड्याळ आपलं राहतं, 'सीएसएसप्रेफर्सकलरस्कीम' वजा केलं की डार्क थीम राहते. मी लावून बघितलं, छान चालतं, आणि मग काढून टाकलं. कारण असं माझ्या आवडीनं कापलेलं-जोडलेलं मिश्रण जगात दुसऱ्या कोणाकडे असणार?

टेस्टविषयी एक टीप. एफपीपी लावल्यावर कव्हर युवर ट्रॅक्स अजूनही कधीकधी 'एकमेव' म्हणतं आणि लोक घाबरतात. कॅनव्हासचं उत्तर मुद्दाम बदलतं ठेवलं असेल तर एकमेव येणारच, प्रश्न असा विचारायचा की उद्या पुन्हा गेले तर आजच्या मलाच जोडता येतं का. ब्रेव्ह हा ब्राउझर २०२० पासून याच वाटेनं जातो, त्याला ते फार्बलिंग म्हणतात, प्रत्येक साइटला आणि प्रत्येक सेशनला वेगळं थोडंसं खोटं. त्यांचा एक कडक मोडही होता, तो २०२४ मध्ये काढून टाकला. वापरणारे अर्ध्या टक्क्याहून कमी होते आणि साइट मोडत होत्या. इतके थोडे जण वापरतात म्हणजे ते वापरणं हीच खूण होते, हे कारणही त्यांनीच दिलं होतं.

६ डिसेंबर, शनिवार, सांगली

मामाचं मशिन. मामाचा पहिला प्रश्न, "अगं मी पत्रिका छापतो, माझ्या मागं कोण लागतंय?" म्हटलं तुमच्या मागं कोणी माणूस नाही लागत मामा, मशिन लागतं, आणि ते सगळ्यांच्याच मागं लागतं. "बरं बरं, कर काय करायचंय ते, पण माझं व्हॉट्सॲप जाऊ देऊ नको."

इथे खरा माल निघाला, आणि तो फॉन्टमध्ये. फॉन्टची यादी साइटला थेट मिळत नाही, पण काढता येते. पानावर कुठेतरी लपवून एक ओळ लिहायची, आधी साध्या मोनोस्पेसमध्ये, आणि तिची रुंदी मोजायची. मग तीच ओळ 'हा फॉन्ट, नसेल तर मोनोस्पेस' असं सांगून पुन्हा मोजायची. रुंदी बदलली तर फॉन्ट मशिनवर आहे, तेवढीच आली तर नाही. असं शेकडो नावांसाठी डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. माझ्या पानात मी मराठी डीटीपीवाल्यांकडे हमखास असतात ती नावं घातली, श्रीलिपीचे श्री-देव आणि पुढे चार आकडी नंबरवाले, कृतिदेव, शिवाय विंडोजचे मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता, निर्मला.

मामाच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये पान उघडलं आणि 'आहे, आहे, आहे' अशी यादी खाली खाली जातच राहिली. त्याच्याकडे वीस वर्षांत साठलेले फॉन्ट आहेत, प्रत्येक नवीन मशिनवर जुन्या मशिनमधून कॉपी केलेले, कोरलड्रॉबरोबर आलेले वेगळे, कुणा गिऱ्हाइकानं पेनड्राइव्हमधून दिलेले वेगळे. याला नाव-पत्ता विचारायची गरजच नाही, यादीच सांगते की हा मराठी मुलखातला डीटीपीवाला. आणि कुठले नंबर आहेत, कुठले नाहीत, यावरून हाच डीटीपीवाला.

माझा लॅपटॉप या बाबतीत गरीब, लोहित आणि नोटो हे फुकट मिळणारे फॉन्ट एवढंच.

मग त्याच मशिनवर फायरफॉक्स १४५, स्ट्रिक्ट मोड. श्री-देव सगळे गायब, कृतिदेव गायब. मंगल, कोकिळा मात्र दिसत होते कारण ते मायक्रोसॉफ्टच्याच देवनागरीच्या जादा पॅकमधले, भाषेच्या फॉन्टला तिथे सूट आहे. आरएफपी लावल्यावर तेही गेले, राहिली ती निर्मला, जी प्रत्येक विंडोज १० वर असतेच. पानावरची मराठी निर्मलामध्ये छान दिसते, काही अडत नाही.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मामा कागदाचे भाव बघायला एक जुनं पान उघडतो, ते युनिकोडच्या आधीच्या काळातलं, कृतिदेवमध्ये टाइप केलेलं. तो फॉन्ट मशिनवर असला तरच ते मराठी, नसला तर नुसत्या रोमन अक्षरांची आणि कंस-स्वल्पविरामांची खिचडी. संरक्षण लावल्यावर अर्थातच खिचडी. मामा म्हणाला, "हे बघ, बिघडवलंस." तिथे फायरफॉक्सच्या सूट दिलेल्या डोमेनमध्ये ते एक पान टाकायची सोय आहे ('एक्झेम्प्टेडडोमेन्स' असं सेटिंग), ते केलं. कोरलड्रॉला याचा काही संबंध नाही, तिथे सगळे फॉन्ट जसेच्या तसे, हे मामाला दोनदा दाखवावं लागलं तेव्हा चहा आला.

७ डिसेंबर, रविवार, सांगली

मामाच्या मशिनवर मुलवाड ब्राउझर टाकला. टॉर प्रोजेक्ट आणि मुलवाड ही व्हीपीएन कंपनी यांनी मिळून एप्रिल २०२३ मध्ये काढलेला, टॉर ब्राउझरच आहे पण टॉरच्या नेटवर्कशिवाय, त्यामुळे वेग नेहमीचा. मुलवाडची व्हीपीएन सेवा घ्यायची सक्ती नाही. यात आरएफपी आधीच चालू, युब्लॉक आणि नोस्क्रिप्ट (स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेन्शन) आत बसवलेले, आणि मुख्य म्हणजे जे जे हा वापरतात त्या सगळ्यांचा तो असाच असतो. एकही सेटिंग बदलायचं नाही हीच यातली सेटिंग. मी इतके आठवडे बोटं चालवून शेवटी इथे आले.

मामाला सगळ्यात खटकले ते करडे काठ. खिडकी मोठी केली की पान मधल्या चौकटीत आणि कडेनं रिकामी पट्टी. याला लेटरबॉक्सिंग म्हणतात, खिडकीचा नेमका आकार सांगण्याऐवजी रुंदी २०० च्या आणि उंची १०० च्या पटीत खाली उतरवून सांगतात. माझ्या १३६६ च्या स्क्रीनवर टूलबार वगळता साधारण ६५० उंची उरते, ती १२०० बाय ६०० होते. टूलबार मोठा-छोटा, बुकमार्कची पट्टी आहे-नाही, टास्कबार कुठे आहे, असं सगळं त्या उरलेल्या पिक्सेलमध्ये लपलेलं असतं म्हणून हा खटाटोप. "एवढी जागा वाया?" छापखानेवाल्याला मार्जिन वाया वाटावं म्हणजे कमाल आहे, पण बोलले नाही.

झूमचा प्रश्न राहिलाच. प्रत्येक वेळी कंट्रोल आणि अधिक दाबायला मामा तयार नाही, त्यामुळे विंडोजमध्येच स्केल १२५ टक्के केला, आरएफपी तो आकडा साइटला सांगत नाही.

मुलवाड बंद केला की सगळं पुसलं जातं, लॉगिनसुद्धा. म्हणून वाटणी: व्हॉट्सॲप वेब, बँक, जीएसटीचं पोर्टल आणि ते कृतिदेवचं पान फायरफॉक्समध्ये, स्ट्रिक्ट लावून. बाकी शोधाशोध, बातम्या, शुगरची औषधं, भावकीतल्या जमिनीच्या केसची चौकशी, हे मुलवाडमध्ये. जिथे नाव सांगूनच आत जायचंय तिथे ठसा लपवून मिळवायचं काय? डेस्कटॉपवर दोन आयकॉन, खाली मामानं स्वतः नावं बदलून ठेवली, 'कामाचं' आणि 'इतर'.

१४ डिसेंबर, रविवार

माझ्या लॅपटॉपवरही तीच वाटणी केली. आरएफपीवाली प्रोफाइल उडवली. नेहमीच्या फायरफॉक्समध्ये मराठी परत पहिली लावली, आणि मुलवाडमध्ये इंग्रजीच.

बँकेनं एकदा त्रास दिला. आरएफपी चालू असताना एका बँकेची साइट प्रत्येक वेळी नवीन डिव्हाइस समजून ओटीपीवर ओटीपी मागायची आणि एकदा तर लॉगिनच अडवलं. हे बघून वैताग येतो पण त्यातून एक कळतं, बँकाही हेच तंत्र वापरतात, चोर पकडायला. म्हणजे ठसा घेणारा कोड नेटवरून कधी जाणार नाही, त्याला एक सभ्य नोकरी मिळालेली आहे.

फोन: आयफोनचं एक बरं, एका मॉडेलचे सगळे बरेचसे सारखे दिसतात. अँड्रॉइडवर मुलवाड नाही, आणि साध्या फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिग सरळ उघडत नाही. तिथे सध्या फायरफॉक्स स्ट्रिक्ट आणि गरज पडली तर टॉर ब्राउझर, यापुढे डोकं लावलं नाही.

आयपीचा विषय यात नाही हेही लिहून ठेवते. ठसा कितीही झाकला तरी घरच्या फायबरचा आयपी तोच राहिला तर जोडणी होतेच. व्हीपीएन घ्यायचा तर आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानं इथल्या व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला लावली आणि बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून नेले. तो वेगळा प्रकल्प.

उरलेलं काम: मामाच्या पुतण्याच्या मशिनवर तेच करायचं, त्याच्याकडे तर श्रीलिपीची आणखी जुनी डिस्क आहे म्हणे. आणि माझ्या टेस्टच्या पानात आता मोडी फॉन्टची नावं घालायची आहेत, ती ज्याच्या मशिनवर असतील त्याला शोधायला बाकी काहीच लागणार नाही.